रिसोट्टो सहा मिनिटांत आला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत एका नावाजलेल्या, महागड्या इटालियन रेस्टॉरंटवर पानभर लेख आला. सजावट, दारातली रांग, ताटांचे फोटो, सगळं आहे. चवीबद्दल मात्र जेमतेम चार ओळी. तिथं जावं की नाही, हे त्यावरून कळत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या मुलीनं पहिल्या पगारातून आम्हा दोघांना तिथं जेवायला नेलं होतं. टेबल तीन आठवडे आधी राखून ठेवलं होतं. मी रिसोट्टो, म्हणजे इटालियन पद्धतीचा मऊसर भात, मागवला आणि तो सहाव्या मिनिटाला समोर आला. कच्च्या तांदळात पळी-पळीनं गरम स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी) घालत रिसोट्टो करायचा, तर १७-१८ मिनिटं सहज लागतात. मोठ्या स्वयंपाकघरांत तांदूळ आधी अर्धा शिजवून ठेवतात, त्याला माझी हरकत नाही. पण दाण्याच्या पोटात किंचित कणखरपणा राहिला पाहिजे. इथं लगदा होता, वर ट्रफल तेलाचा भपका. (ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी, सुवासिक बुरशी.) बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलांना वास येतो तो प्रयोगशाळेत बनवलेल्या सुगंधाचा. पैसे मात्र ट्रफलच्या नावानं घेतात. ह्यांच्या कार्बोनारा पास्त्यात क्रीम होतं. रोमच्या पद्धतीत अंडं, पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस आणि मिरी, एवढंच. दाटपणा अंड्याचा आणि चीजचा.

मुलगी दोनदा विचारत होती, ''आई, आवडलं ना?'' मी हो म्हटलं. ते खोटं बोलणं अजून टोचतं.

मग एका दुपारी, गर्दी नसताना, मी एकटी गेले आणि सगळ्यात साधा पदार्थ मागवला: टोमॅटोची स्पॅगेटी. ती अप्रतिम होती! दाताला हवी तेवढीच घट्ट, आणि सॉस प्रत्येक शेवेला धरून बसलेला. पास्ता उकळलेल्या पाण्यात पीठ उतरलेलं असतं. तेच पाणी थोडं घालून शेवटचं मिनिटभर पास्ता सॉसमध्येच परतला, की असं होतं. म्हणजे तिथल्या आचाऱ्याच्या हाताला चव आहे. बिघडतं ते गर्दीच्या रात्री आणि भारी नावांच्या पदार्थांत.

तेव्हा माझं उत्तर असं: जरूर जा, पण गर्दी टाळून जा, साधं मागवा आणि ट्रफल तेलापासून लांब राहा.

आपल्या परीक्षकांना एक विनंती. निदान दोनदा जेवा, त्यातलं एकदा गर्दीच्या वेळी. पदार्थ किती मिनिटांत आला ते लिहा. किसून घातलेलं चीज खरं पार्मिजानो रेज्जानो आहे का, ते विचारा. ते किमान १२ महिने मुरवावं लागतं आणि चवीत तो फरक लगेच कळतो. बिल कुणी भरलं, तेही छापा. पहिल्या पगाराचे पैसे घेऊन जाणारी मुलं तुमचा लेख वाचूनच टेबल राखून ठेवतात.

पुढच्या महिन्यात मुलीला घेऊन मी पुन्हा जाणार आहे. या वेळी दोघींसाठी स्पॅगेटी मागवीन.

आपली,
एक नियमित वाचक