‘पडीक’ खाऱ्या जमिनीतला शिकारी

मा. संपादक,
स. न.

मुंबईतल्या मिठागरांच्या जमिनींवर घरे बांधावीत का, या वादात ‘नाहीतरी ती जमीन पडीकच आहे’ हे वाक्य हमखास येते. मी राहतो त्या अमेरिकेतल्या लिंकन (नेब्रास्का) शहराभोवतीची खारी जमीनही अशीच बिनकामाची धरली गेली होती, म्हणून हा पत्रप्रपंच.

इथे समुद्र कुठल्याच दिशेला जवळ नाही. पण जमिनीखालचे खारे पाणी झिरपून वर येते, उन्हात सुकते आणि चिखलावर मिठाची पांढरी साय धरते. या उघड्या चिखलात सॉल्ट क्रीक टायगर बीटल हा भुंगेरा राहतो. लांबी जेमतेम अर्धा इंच, पण भक्ष्याला पळत गाठतो. त्याची अळी त्याहून बेरकी. चिखलात उभे बीळ करून ती डोक्यानेच त्याचे तोंड बुजवून बसते आणि किडा टप्प्यात आला की झडप घालते. झटापटीत आपणच बाहेर ओढले जाऊ नये म्हणून पाठीवरचे आकडे बिळाच्या भिंतीत रुतवते! साधारण दोन वर्षे अशी काढल्यावर भुंगेरा बाहेर येतो, तोही उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांपुरता.

शहर वाढले तसे ओढे सरळ केले, त्यांची पात्रे खोल गेली. वस्तीतले गोडे पाणी येऊन खारटपणा उतरला, गवत माजले. अंडी घालण्याच्या वेळी रात्रीचे दिवे भुंगेऱ्यांना भलतीकडे खेचतात, ते वेगळेच. पूर्व नेब्रास्कातल्या ९० टक्क्यांहून जास्त खाऱ्या पाणथळी नष्ट झाल्या किंवा बिघडल्या. २००५ मध्ये सरकारने हा कीटक संकटग्रस्त ठरवला, तेव्हा प्रौढ भुंगेरे काही शेकडेच उरले होते आणि तेही फक्त याच परिसरात. आता प्राणिसंग्रहालयांत अळ्या वाढवून चिखलात सोडतात, उरलेली जमीन विकत घेऊन राखतात. ‘एका किड्यासाठी एवढा खर्च?’ असे इथेही विचारतात. माझ्या मते हा खर्च किड्याचा नाही, उशिराचा आहे.

मिठागरे माणसाने बांधलेली, इथला चिखल नैसर्गिक. तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. पण मिठागरांच्या बातम्यांत फ्लेमिंगो असतात, फार तर तिवरे असतात. तिथल्या चिखलातल्या कीटकांची पाहणी झाली आहे का आणि कोणत्या ऋतूत, एवढे आपल्या बातमीदारांनी संबंधितांना एकदा विचारावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक
लिंकन, नेब्रास्का