गोबीतल्या ड्रायव्हरकाकांना

प्रिय काका,

मंगोलियाला जायचं म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "तिथे खाणार काय?" दुसरा दबक्या आवाजात, "आणि बाथरूमचं काय?" दोन्ही रास्त आहेत. माझ्या आईचं वय सदुसष्ट, गुडघे दुखरे आणि जन्मात कधी मांसाला हात लावलेला नाही. तरी ती गोबीचं वाळवंट पाहून सुखरूप आणि खूश होऊन घरी आली. त्याचं श्रेय तुमचं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते. महाराष्ट्राच्या पाचपट मुलूख आणि माणसं सारी ३५ लाखांच्या आसपास. गोबीत तर कित्येक मैल झाड नाही, जे झुडूप आहे ते घोट्याएवढं. बाईमाणसाला आडोसा मिळायचा कुठून? पहिल्याच दिवशी आईची चुळबुळ तुम्ही ओळखलीत. काही न विचारता गाडी आडवी लावलीत, मागचं दार उघडून त्यावर ताडपत्री टाकलीत, पाण्याचा कॅन खाली ठेवलात आणि बरंच पुढे जाऊन पाठमोरे उभे राहिलात. नंतर हे रोज होत गेलं. एकदाही मागावं लागलं नाही. परक्या देशात परक्या बाईची लाज इतक्या सहज जपणारा माणूस भेटणं ही केवढी गोष्ट आहे, हे कोणत्याही बाईला विचारा.

आता खाणं. ज्यांनी सहल आखून दिली त्यांनी "शाकाहारी सोय आहे" असं लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात पहिल्या मुक्कामी रश्श्यातले मांसाचे तुकडे काढून वाडगा पुढे आला. त्या लोकांना मी दोष देत नाही. जिथे हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो आणि जमिनीत गवतापलीकडे फारसं काही उगवत नाही, तिथे मेंढी हेच धान्य. पण आई त्या रात्री उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी दालान्झादगादच्या बाजारात तुम्ही बटाटे, गाजरं, कोबी, कांदे घेतलेत आणि एक नवी कोरी कढई घेतलीत. ती कढई तुम्ही शेवटपर्यंत फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवली. तिच्यात मांस कधी शिजलं नाही. वेगळी कढई का लागते हे तुम्हाला कोणी समजावलं नव्हतं, तुम्ही ते आईच्या चेहऱ्यावरून ताडलंत.

तुमच्या करड्या रशियन व्हॅनबद्दल काय लिहू! तिचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, गाडीच्या आतच. खड्ड्यांनी आईला मळमळायला लागलं तेव्हा तुम्ही तिला पुढे बसवलंत, इंजिनाची धग लागू नये म्हणून झाकणावर घोंगडी दुमडून टाकलीत आणि तिच्या हातात आरूलचा तुकडा दिलात. सुकवलेलं दही ते, दगडासारखं टणक. आंबट चव जिभेवर घोळत राहिली आणि मळमळ खरंच उतरली. फाट्यांना पाट्या नव्हत्या. तुम्ही डोंगरांच्या खुणांवर चालत होतात, आणि शंका आली की एखाद्या गेरकडे, म्हणजे तिथल्या लोकांच्या गोल तंबूच्या घराकडे, गाडी वळवून लांबूनच "नोखोय खोर!" अशी हाक देत होतात, म्हणजे घरच्यांनी कुत्री आवरावीत.

अशाच एका गेरमध्ये आम्हाला या देशाचं खरं दर्शन झालं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, वाडगा उजव्या हाताने घ्यायचा आणि डावा हात कोपराला लावायचा, हे सगळं तुम्ही आधी स्वतः करून दाखवलंत. मीठ घातलेला दुधाचा चहा मला जड गेला, आईला मात्र आवडला. बोर्त्सोग म्हणजे तर बिनसाखरेची शंकरपाळीच. आम्ही भारतातून आलो असं तुम्ही सांगितल्यावर तिथल्या आजीबाईंनी हात जोडले आणि कुशोक बकुला रिनपोछे यांचं नाव घेतलं. लडाखचे हे लामा १९९० ते २००० या काळात तिथे भारताचे राजदूत होते. उलानबाटरचा पेथुब मठ त्यांनीच उभा केला. त्यांच्या पुण्याईवर आम्हाला साईचं ताट जास्तीचं मिळालं.

बायनझागचे लाल कडे तुम्ही मुद्दाम संध्याकाळी दाखवलेत. १९२३ साली रॉय चॅपमन अँड्र्यूज या अमेरिकन संशोधकाच्या मोहिमेला डायनासोरची अंडी सापडली ती इथे. एका पर्यटकाने खिशात टाकलेला तुकडा तुम्ही त्याला परत जागेवर ठेवायला लावलात, तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. खोंगोरच्या वाळूच्या टेकडीवर मी चढले. उतरताना पायाखालची वाळू खोल आवाजात घुमली आणि अंगावर काटा आला. आई खाली तुमच्याजवळ बसली होती. तुम्ही दोघं काय बोलत होतात देव जाणे, पण वरून मला तुमचं हसणं दिसत होतं. खिंडीतल्या ओवोला, म्हणजे दगडांच्या पवित्र राशीला, तुमच्या मागोमाग तिने तीन प्रदक्षिणाही घातल्या. निळी खादग, म्हणजे श्रद्धेने वाहायचं रेशमी वस्त्र, बांधताना तिचे हात पोचेनात, तेव्हा तुम्ही दगड रचून तिला पायरी करून दिलीत.

काका, पैसे तर आम्ही ठरले तेवढेच दिले होते. त्यात यातलं काहीच बसत नव्हतं.

तुमच्या लेकीला इंग्रजी येतं, तिला या पत्राचा मजकूर कळवला आहे. फोटो आणि आईने विणलेला स्वेटर पोस्टाने निघालाय. माझी मावसबहीण पुढच्या नादामला, तुमच्या उन्हाळी उत्सवाला, येईल, तिला तुमचाच नंबर दिला आहे. तीही शाकाहारी आहे, तेव्हा ती कढई सांभाळून ठेवा.

तुमची,
पुण्याची लेक