आकडे बदलायला सर्व्हर बंद कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाजारभाव, बसच्या वेळा, धरणाचा विसर्ग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर ‘देखभालीसाठी सेवा बंद’ अशी पाटी झळकते, तेव्हा कित्येकदा देखभाल वगैरे काही नसते. नवे आकडे आत घेण्यासाठी सर्व्हर रिस्टार्ट होत असतो. भर पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हे विचारणाऱ्याला ती पाटी काय कामाची? (गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बरा, पाणी कुठवर चढले ते तो रिस्टार्टशिवाय दाखवतो.)

अशा संकेतस्थळाचा प्रोग्राम सुरू होताना आकड्यांची यादी डेटाबेसमधून एकदाच वाचतो आणि मेमरीतून सगळ्यांना दाखवतो. वेगासाठी ते योग्यच. पण यादी पुन्हा वाचण्याची सोय कोणी लिहिलेली नसते. रिस्टार्ट केला की, लॉगिन मेमरीतच ठेवलेले असेल तर, अर्धा फॉर्म भरलेला माणूस बाहेर.

सोय लिहितानाही हमखास एक चूक होते: चालू यादी रिकामी करून तीच पुन्हा भरतात. त्या क्षणी पान उघडणाऱ्याला लासलगावचा सर्वसाधारण दर दिसतो आणि पिंपळगावची ओळ कोरी. नवी यादी बाजूला पूर्ण तयार करावी आणि मग फक्त निर्देश (कोणती यादी दाखवायची हे सांगणारी खूण) जुनीवरून नवीवर वळवावा. जावा या प्रोग्रामिंग भाषेत निर्देशाचे व्हेरिएबल ‘व्होलाटाइल’ (म्हणजे त्यातला बदल सर्व थ्रेडना दिसेल असे) हवे, नाहीतर एखादा थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधले समांतर चालणारे काम, जुनीच यादी धरून बसू शकतो. एका विनंतीत निर्देश एकदाच वाचावा. दोनदा वाचला तर किमान दर कालचा, कमाल आजचा! काही क्षण दोन्ही याद्या मेमरीत असतात, तेवढी जागा मोकळी ठेवावी. डेटाबेस बोलला नाही किंवा यादी रिकामी आली, तर जुनीच चालू ठेवावी.

सर्व्हर अनेक असतील तर ‘ताजे करा’ बटण दाबून भागत नाही. ती विनंती एकाच सर्व्हरला पोचते. प्रत्येकाने दर मिनिटाला डेटाबेसमधला यादीचा आवृत्ती क्रमांक तपासावा आणि तो बदलला असेल तर यादी पुन्हा वाचावी. पानावर वेळ छापायची ती आकड्यांची, पान उघडल्याची नव्हे.

२०२७च्या सिंहस्थासाठी वाहनतळ, घाट, बसमार्ग यांची पाने करून घेणाऱ्यांनी काम ताब्यात घेण्यापूर्वी डेटाबेसमधली एक ओळ बदलून पाहावी: मिनिटभरात ती सर्व सर्व्हरवर दिसली पाहिजे. मग डेटाबेसच बंद करून पान उघडावे: आधीचे आकडे दिसत राहिले पाहिजेत.

– एक वाचक, नाशिक