निवासी डॉक्टरांचा वेळ नेमका जातो कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय विद्यार्थ्यांनी अभ्यास आणि खासगी आयुष्य यांचा मेळ कसा घालावा, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. वेळापत्रक आखा, व्यायाम करा, मोबाइल बाजूला ठेवा, घरच्यांशी बोला असा त्यातला सल्ला. एमबीबीएसच्या मुलांना तो उपयोगी पडेल. माझी मुलगी मात्र एका सरकारी महाविद्यालयात एमडी मेडिसिन करते आहे, म्हणजे शिकता शिकता तिथेच निवासी डॉक्टर म्हणून काम करते आहे. तिला आखायला वेळच उरत नाही आणि गेलेला वेळ अभ्यासात गेला असंही म्हणता येत नाही.

जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाची ज्युनिअर रेसिडेंट असताना ती पहाटे पाचला वॉर्डात जायची. राउंडच्या आधी सगळ्या पेशंटची रक्तं काढायची, प्रत्येक बल्बवर (रक्ताच्या नमुन्याच्या नळीवर) नाव लिहायचं आणि वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, जागेवर नसले की ते बल्ब स्वतःच लॅबमध्ये नेऊन द्यायचे. दुपारी रिपोर्ट आणायलाही तीच. सीटी स्कॅनची तारीख मिळवणं, रक्तपेढीतून पिशवी आणणं, जन आरोग्य योजनेचे कागद पुरे करणं, सगळं तिच्याच माथी. इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी लागलेली ड्यूटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटायची. रात्री फोनवर 'जेवले गं आई' म्हणायची. आवाजावरून मला कळायचं की जेवलेली नाही.

मग जिल्हा निवासी कार्यक्रमात तीन महिने ती जिल्हा रुग्णालयात गेली. हा कार्यक्रम सगळ्याच पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. तिथेही पेशंटची रांग होतीच. पण रक्त घ्यायला तंत्रज्ञ यायचा आणि रिपोर्ट वॉर्डात पोचायचे. त्या काळात तिने रखडलेला प्रबंध मार्गी लावला, रोज वाचन केलं, मामेभावाच्या लग्नाला दोन दिवस येऊन गेली. मुलगी तीच होती. वेळेचं नियोजन तिला तिथे कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या डोक्यावरची हमाली तेवढी उतरली होती.

नियम नाहीत असंही नाही. आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नको, हे केंद्राने १९९२ सालीच सांगितलं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत वर्षाला २० किरकोळ रजा आहेत, साप्ताहिक सुट्टीही आहे. फक्त ती 'कामाच्या निकडीनुसार'. आता सरकारी रुग्णालयात निकड कोणत्या दिवशी नसते? आयोगाच्याच मानसिक आरोग्यावरच्या कृतिगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. त्याच अहवालातल्या पाहणीत सुमारे ३१ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी, मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं आहे. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अशा मुलांना योगासनांचं एक सत्र घेऊन परत वॉर्डात पाठवायचं, याला उपाय म्हणवत नाही.

आणि प्रश्न फक्त आमच्या मुलांचा नाही. तीस तास जागं असलेलं माणूस इन्सुलिनचे युनिट लिहितं, तेव्हा समोरच्या खाटेवर कोणाचा तरी बाप असतो.

वैद्यकीय शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की लॅब तंत्रज्ञ आणि वॉर्डबॉय यांची रिकामी पदं आधी भरा. सकाळची रक्तं काढायला प्रत्येक वॉर्डात प्रशिक्षित माणूस द्या. साप्ताहिक सुट्टी युनिटच्या (डॉक्टरांच्या गटाच्या) ड्यूटी लिस्टवर नावानिशी लिहिली जाऊ द्या आणि त्या लिस्टची प्रत दर महिन्याला अधिष्ठात्यांच्या सहीने विभागाकडे जाऊ द्या. सुट्टी रद्द झाली तर ती का आणि कोणाच्या सांगण्यावरून, हेही त्याच कागदावर यावं.

मुलगी अजून तिथेच शिकते आहे. त्यामुळे पत्र छापल्यास कृपया नाव देऊ नये.

— एक आई, बार्शी