कोल्हापूरला कर्जमंजुरीचे टेबल हवे : राज्याच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मुंबई-पुण्याखेरीज राज्यातले एखादे मध्यम शहर बँकिंगचे केंद्र होऊ शकेल का, या प्रश्नाला आजवर मिळालेली उत्तरे बहुतेक इमारतींच्या भाषेत असतात : टॉवर, पार्क, संकुल. मी कोल्हापुरात सनदी लेखापाल म्हणून व्यवसाय करतो आणि माझे बरेचसे अशील शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतले फौंड्रीवाले (लोखंड वितळवून ओतकाम करणारे) आणि मशीनशॉपवाले आहेत. त्यांची कर्जप्रकरणे तयार करताना जे दिसते, त्यावरून याच प्रश्नाचे वेगळे उत्तर आपल्यापुढे मांडत आहे.

शेअर बाजार, रोखे, परकीय चलन आणि बड्या कंपन्यांची हजारो कोटींची कर्जे हा मुंबईचा प्रांत आहे आणि तो तसाच राहील. रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय 1937 मध्ये कोलकात्याहून मुंबईला आले, आणि त्यानंतर पैशाचे व ते हाताळणाऱ्या माणसांचे जे जाळे तिथे विणले गेले, ते साडेपाच लाख वस्तीच्या शहराने उभे करायचे म्हटले तर हसे होईल. गांधीनगरच्या गिफ्ट सिटी या आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्रामागे करसवलती, स्वतंत्र कायदा आणि केंद्र सरकारचे सारे वजन उभे आहे. त्या शर्यतीत आम्हाला उतरायचेच नाही. परंतु लहान आणि मध्यम उद्योगाला कर्ज द्यायचे की नाही हे ठरवणे, त्यावर नजर ठेवणे आणि ते वसूल करणे हेही बँकिंगच आहे, आणि या कामात कोल्हापूर मुंबईशी बरोबरी करू शकते, किंबहुना सरस ठरू शकते, असे माझे मत आहे.

हे मत हवेतले नाही. सांगली बँक 1916 ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 1936 ची, कोल्हापूरची रत्नाकर बँक 1943 ची. पुणे-बंगळूर रस्त्यालगतच्या तीन शेजारी जिल्ह्यांत तीन शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतल्या) बँकांची मुख्यालये होती, आणि गुळाच्या, हळदीच्या, उसाच्या पैशावर ती वाढली. सप्टेंबर 2006 मध्ये रिझर्व्ह बँकेने युनायटेड वेस्टर्नचे व्यवहार गोठवले आणि महिनाभरात ती आयडीबीआयमध्ये गेली. 2007 मध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. रत्नाकर बँक टिकली, आरबीएल झाली, देशभर पसरली. तिचे नोंदणीकृत कार्यालय अजून कोल्हापूरच्या शाहूपुरीत असले तरी कॉर्पोरेट कार्यालय मुंबईत आहे. शाखा पूर्वीपेक्षा वाढल्या असतील, पाट्याही झगमगीत झाल्या आहेत. गेला तो निर्णयाचा अधिकार.

मुख्यालय मध्यम शहरात टिकू शकत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने दक्षिणेकडे पाहावे. कुंभकोणमची वस्ती जेमतेम दीड लाखाची, पण 1904 मध्ये तिथे स्थापन झालेली सिटी युनियन बँक आजही तिथूनच चालते. करूरला करूर वैश्य बँक आहे, तुतिकोरिनला तमिळनाड मर्कंटाइल आणि मंगळुरूला कर्नाटक बँक. एकट्या त्रिशूरमध्ये साउथ इंडियन, धनलक्ष्मी आणि सीएसबी अशा तीन बँकांची मुख्यालये आहेत. यांपैकी अनेक बँकांनी व्यापारी, लघुउद्योजक आणि सोनेतारण हे आपले ओळखीचे गिऱ्हाईक सोडले नाही. याउलट करूरचीच लक्ष्मी विलास बँक ओळखीच्या वर्तुळाबाहेरच्या बड्या कर्जांच्या मागे गेली आणि 2020 मध्ये तिला डीबीएसच्या ताब्यात द्यावे लागले. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराचा दाखला सगळे देतात. तिथल्या बँकेने 1998 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची बँक ऑफ अमेरिका विकत घेतली आणि मुख्यालय शार्लटलाच ठेवले हे खरे. पण त्यामागे राज्यभर शाखा काढू देणारा त्या राज्याचा कायदा होता, जो त्या काळी इतर अनेक राज्यांत नव्हता, आणि बँक चालवणाऱ्यांची कित्येक वर्षांची जिद्द होती. ती गोष्ट आपल्याला उचलून आणता येणार नाही. कुंभकोणमकडून मात्र शिकता येईल.

आता निर्णय दूर गेल्याने नेमके काय होते ते सांगतो. फौंड्रीवाल्याला स्क्रॅप आणि पिग आयर्न जवळपास रोखीने घ्यावे लागते, भट्टीचे वीजबिल महिन्याच्या महिन्याला भरावे लागते, आणि कास्टिंगचे (ओतीव भागांचे) पैसे मात्र वाहन कंपनीकडून किंवा तिच्या पुरवठादाराकडून साठ-नव्वद दिवसांनी येतात. ही फट सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेने मंजूर केलेली उचलीची मर्यादा, भरून काढते. नवी ऑर्डर आली की पॅटर्न (साच्यासाठीचे नमुने) करावे लागतात, माल वाढतो, येणे वाढते, म्हणून लिमिट वाढवून मागावी लागते. शाखा व्यवस्थापक कारखान्यात येऊन जातो, त्याला पटतेही, पण तो म्हणतो, 'प्रस्ताव वर पाठवतो.' वर म्हणजे दुसऱ्या शहरातला प्रोसेसिंग सेल, जिथे कर्जप्रस्ताव तपासले जातात. तिथल्या अधिकाऱ्याला ताळेबंदात साठा फुगलेला आणि वसुलीचे दिवस लांबलेले दिसतात. आवारात रचलेले कास्टिंग मशीनिंगची वाट पाहत आहे आणि त्याची ऑर्डर हातात आहे, हे त्याला कागदावर दिसत नाही. तो त्रुटींची यादी पाठवतो, आम्ही उत्तरे देतो, मग दुसरी यादी येते. त्या अधिकाऱ्याचा यात दोष नाही. त्याने कधी भट्टी पाहिलेली नसते. तोवर ऑर्डर राजकोटला किंवा कोइमतूरला गेलेली असते.

साखरेचेही तसेच. कारखान्याला गोदामातल्या साखरेच्या तारणावर उचल मिळते, आणि त्यासाठी क्विंटलमागे मूल्यांकन मुंबईतली शिखर बँक (राज्य सहकारी बँक) ठरवते. कायद्याने एफआरपी (उसाचा ठरवून दिलेला किमान दर) चौदा दिवसांत द्यायची असते. मूल्यांकन खाली आले की उचल घटते आणि कागलच्या किंवा शिरोळच्या शेतकऱ्याचे बिल अडते.

अर्थात, जवळिकीला दुसरी बाजू आहे आणि ती या भागाने पुरेपूर भोगली आहे. ओळखीच्या माणसाला कर्ज म्हणता म्हणता संचालकाच्या नातेवाइकाला कर्ज, कारखान्याच्या थकबाकीवर नवे कर्ज आणि निवडणुकीच्या तोंडावर वसुलीला स्थगिती, असे प्रकार सहकारी बँकांत झालेले आहेत, आणि मंजुरी दूर नेण्याला हे एक सबळ कारण होते. म्हणूनच मी संचालक मंडळांना जादा अधिकार मागत नाही. मंजुरी पगारी, बदलीपात्र अधिकाऱ्यांकडेच असावी, फक्त ते अधिकारी इथे बसावेत.

यासाठी राज्य शासनाने करावे असे फार खर्चाचे काही नाही. राज्यातल्या बँका आणि शासन यांच्यात समन्वय साधणाऱ्या राज्यस्तरीय बँकर्स समितीचे निमंत्रक पद पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. फौंड्री, वस्त्रोद्योग, साखर आणि दुग्धव्यवसाय यांच्या कर्जांसाठी कोल्हापुरात मंजुरी अधिकारासह विशेष केंद्रे काढावीत, हा विषय शासनाने त्या समितीपुढे न्यावा. ऑक्टोबर 2025 मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडी या बँकेने आरबीएलमध्ये सुमारे 26,850 कोटी रुपये गुंतवून 60 टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले आहे. खासगी बँकेला आदेश देता येत नाही हे मला समजते, पण नव्या गुंतवणूकदाराशी बोलताना लघुउद्योग कर्जाचा विभाग बँकेच्या जन्मगावी ठेवावा, असे शासन सुचवू शकते. त्यांच्याही हिशेबात ते बसेल, कारण मुंबईच्या भाड्यात आणि इथल्या भाड्यात किती अंतर आहे हे सांगायला सनदी लेखापाल लागत नाही.

वसुलीचाही विचार व्हावा. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. बँकांच्या थकीत कर्जांचे दावे चालवणाऱ्या कर्जवसुली न्यायाधिकरणासाठी मात्र बँकेला आणि कर्जदाराला आजही पुणे गाठावे लागते. ते केंद्राच्या अखत्यारीत येते, तरीही निदान महिन्यातून काही दिवस त्याचे कामकाज इथे चालावे, असा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा. न्यायालयीन कामकाजासाठी जागा आणि वकीलवर्ग इथे आता आहेच.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी उद्योजक संघटना, बँकांचे विभागीय अधिकारी आणि जिल्हा बँक यांची एक बैठक आपण कोल्हापुरात घ्यावी. मागच्या तीन वर्षांत शिरोलीतून 'वर' गेलेल्या प्रस्तावांपैकी किती, किती दिवसांनी आणि कोणत्या शेऱ्यासह परत आले, याची माहिती बँकांनी त्या बैठकीत ठेवावी, एवढे आपण त्यांना आधी कळवलेत तरी बैठक कारणी लागेल.

कळावे,

आपला विश्वासू,
कोल्हापुरातील एक सनदी लेखापाल