ग्रंथोत्सव भरतो तेव्हा आमचं गाव उसाच्या फडात असतं

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात मी ड वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीचं, सार्वजनिक वाचनालय सांभाळते. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक खोली, चार लोखंडी कपाटं, पावसाळ्यात गळणारा एक कोपरा आणि दाखलनोंदवहीत दोन हजारांच्या आतबाहेर पुस्तकं, असा हा संसार. ग्रंथालय संचालनालय तुमच्या खात्यात येतं म्हणून पत्र तुम्हाला लिहितेय. खरं तर ते तुमच्या आणखी दोन सहकाऱ्यांनाही वाचून दाखवावं लागेल. का, ते पुढे येईलच.

दर वर्षी जिल्ह्याच्या गावी शासनाचा दोन दिवसांचा ग्रंथोत्सव होतो. आम्हाला पत्र येतं, जास्तीत जास्त वाचकांसह उपस्थित राहावे. मागच्या खेपेला ते जानेवारीत आलं. मी सहा जणांना घेऊन गेले: कार्यकारिणीतले चौघे, शाळेतले गुरुजी आणि माझी मुलगी. याहून जास्त आणणार कुठून? दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाच्या गाडीत बसून साखर कारखान्यांवर जातात. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं, ते थेट मार्च-एप्रिलात. तोवर गावात उरतात म्हातारी माणसं, त्यांच्यापाशी ठेवलेली पोरं आणि कुलपं. शासनाचं आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं, निधी त्याच्या आत खर्ची पडायला हवा, म्हणून ग्रंथोत्सव हिवाळ्यात. कारण मला समजतं. पण राज्यातल्या ज्या पट्ट्यात पुस्तकाची गरज सगळ्यात जास्त, तिथला वाचक नेमका त्याच महिन्यांत पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, झोपलेला असतो, हे वेळापत्रक आखणाऱ्याच्या ध्यानात कधी आलं नसावं.

त्या दिवशी सकाळी ग्रंथदिंडी निघाली. पोरांनी लेझीम छान खेळली. मग उद्घाटन, मग सत्कार, मग भाषणं, ती दीड वाजेपर्यंत. पुस्तकवाल्यांना सांगितलं होतं, कार्यक्रम चालू असताना गल्ल्यावर गर्दी नको. तीन वाजता एक विक्रेता मला म्हणाला, ‘मॅडम, तुमच्याच हातची भवानी.’ मी एक शब्दकोश घेतला होता.

आता आमच्याकडचं सांगते.

चैत्री पौर्णिमेला गावची जत्रा असते. तोवर टोळ्या परतलेल्या असतात. हिशेब झालेला असतो, कुणाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, फिटलेली असते, कुणाच्या अंगावर राहिलेली असते, पण जत्रेची म्हणून चार पैशांची खर्ची प्रत्येकाच्या कनवटीला असते. बाई बांगड्या भरते, पोराला पिपाणी घेते, गोडीशेवेचा पुडा बांधून घेते. त्यातच एक पुस्तक घ्यावं, एवढाच विचार करून २०१९ मध्ये आम्ही बांगड्यांच्या पालाला लागून सतरंज्या अंथरल्या. करोनाची दोन वर्षं गेली, बाकी दर वर्षी अंथरतो. तालुक्याचे दोन विक्रेते येतात. बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक आम्ही वर्षभर रद्दीवाल्यांकडून गोळा करतो, ते पोरांना फुकट.

दर एकच. दहा रुपये आणि चार ओळी. पुस्तक उचलायचं, त्यातल्या कुठल्याही चार ओळी मोठ्यानं वाचायच्या आणि दहा रुपये द्यायचे. वरची किंमत गावच्या वर्गणीतून. स्वतःला वाचता येत नसेल तर घरातल्या कुणीही वाचावं. ही शेवटची अट आम्ही सहज घातली होती, पण सगळी गंमत तिनंच केली. सहा महिने फडात वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करून आलेली चौथीतली पोरगी बापाच्या पुस्तकाच्या चार ओळी वाचतेय, अडखळतेय, आणि बाप मागे हात बांधून उभा. मागची रांग गप्प. लाउडस्पीकरवर तमाशाची जाहिरात चालू.

दोन वर्षांपूर्वी पौर्णिमेच्या संध्याकाळी एक आजी आल्या. गावातल्याच. मुलगा-सून कारखान्यावर गेले की तीन नातवंडं त्यांच्यापाशी. उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या वर्गाला त्या आल्या होत्या. १७ मार्च २०२४ ला राज्यभर पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी झाली, १५० गुणांची. त्या बसल्या आणि पास झाल्या. प्रमाणपत्र देव्हाऱ्याशेजारी लावलंय. त्यांनी एक कादंबरी उचलली, नाकाशी नेली, लांब धरली, खाली ठेवली. दुसरं पुस्तक, तेच. मग म्हणाल्या, ‘पोरी, लई बारीक हाय हे. मोठ्या अक्षराचं न्हाई का एखादं?’

होतं. पहिलीच्या पोरांसाठीचं, पानभर ससा आणि खाली एक ओळ. त्यांनी दोन पानं उलटली आणि माझ्याकडं बघितलं. ‘हे तर नातवाच्या दप्तरातलं. मला मोठ्या माणसाची गोष्ट पायजे.’

अख्ख्या सतरंजीवर ते पुस्तक नव्हतं. माझ्या चार कपाटांतही नाही. मी दोन्ही विक्रेत्यांना विचारलं, त्यांनी मान हलवली. साठीत अक्षर ओळखायला लागलेल्या माणसासाठी जाड ठशाची, सोप्या वाक्यांची, पण सासू-सून, शेत-बांध, कर्ज-लग्न यांची गोष्ट असलेली पुस्तकं हवीत. ती बाजार छापणार नाही, कारण ती घेणारं गिऱ्हाईक दहा रुपयांचं. ती शासनानंच छापायची. साक्षरतेची योजना शालेय शिक्षण खात्याकडे, पुस्तकं काढणारं साहित्य संस्कृती मंडळ मराठी भाषा खात्याकडे आणि पुस्तक वाचकाच्या हातात ठेवणारी मी तुमच्या खात्याकडे. आजी मात्र एकच आहेत. म्हणून वर लिहिलं, हे पत्र तिघांनी मिळून वाचा.

अनुदानाचं रडगाणं गाणार नाही, ते तुम्ही रोज ऐकत असाल. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली, ड वर्गाचे वर्षाचे ३० हजार होते ते ४८ हजार झाले, त्याचे आभार आधीच मानलेत. त्यातलं निम्मं वेतनाचं, म्हणजे महिन्याला दोन हजार. आमच्याकडे फडात खुरपायला गेलं तरी आठवड्याभरात तेवढे सुटतात. असो. माझं मागणं वेगळं आहे. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाचा सगळा खर्च एका मांडवात घालू नका. तालुक्यातल्या एकेका बाजारच्या किंवा जत्रेच्या गावी, तिथल्याच ड वर्गाच्या वाचनालयामार्फत, एका दिवसाची पुस्तकांची सतरंजी पडू द्या. तारीख गावाला ठरवू द्या. कोकणात ती गणपतीत पडेल, आमच्याकडे चैत्रात. मार्चनंतर खर्च करायची मुभा लागेल, ती तुमच्या एका शासन निर्णयाची गोष्ट आहे. आणि पुस्तकं कोणती घ्यायची ते यादीतून नको, सतरंजीवरून ठरू द्या.

दुसरं, पेटी. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ अमेरिकेहून बडोद्यात आणले आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या संस्थानात गावोगाव फिरवल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणत शंभर शंभर पुस्तकांच्या पेट्या सोसायट्यांपासून कारागृहांपर्यंत पोचवल्या. मग ऊसतोडीच्या टोळीबरोबर का नाही? मागच्या दसऱ्याला आम्ही एका टोळीच्या ट्रॅक्टरमध्ये पत्र्याची ट्रंक ठेवली, ४० पुस्तकं. कोयते, पातेली, कोंबड्या आणि ही ट्रंक. टोळीतल्या दहावी झालेल्या एका पोराला वही दिली. एप्रिलात ट्रंक परत आली, ३१ पुस्तकांसह.

तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, ‘९ ग्रंथ गहाळ, वसुली करावी.’ नियमानं ते चुकले नाहीत. पण फिरत्या पेटीतली काही पुस्तकं परत येणार नाहीत हे धरूनच नियम करायला हवा. शंभरातली पंधरा-वीस तरी माफ असावीत, नाहीतर एकही ग्रंथपाल कपाटाचं कुलूप काढणार नाही. कपाटात ठेवलेलं पुस्तक कधीच गहाळ होत नाही, साहेब.

चैत्री पौर्णिमेला या. मांडव नाही, त्यामुळं उद्घाटनही नाही. हार आणू नका. चार ओळी मात्र वाचाव्या लागतील, त्यातून मंत्र्यांना सूट नाही.

आपली,
एका ड वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल

ता. क. हे पत्र टाकायच्या आदल्या दिवशी नवांपैकी एक पुस्तक परत आलं. कव्हर नाही, शेवटच्या दोन कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं गाडीच्या खेपांचा हिशेब मांडलाय, आणि त्याखाली दुसऱ्या, कच्च्या अक्षरात कुणीतरी स्वतःचं नाव पाच वेळा लिहिलंय. दाखलनोंदवहीत याच्यापुढे काय लिहायचं, ते कळवावं.