बाजारच्या दिवशी बंद बाजार

इस्तंबूल, सोमवार रात्र

प्रिय सुनंदा,

"एकटी निघालीस, तिथे बोलशील कुणाशी?" असं विचारलं होतंस ना? बोलते आहे बाई, भरपूर बोलते आहे! तुर्की येत नाही, पण कितीतरी शब्द ओळखीचे निघाले. जेवण झालं की नुसतं 'हेसाप' म्हणायचं, म्हणजे आपला हिशेब, बिल हजर. दुकानाला 'दुक्कान', हमालाला हमालच. तोपकापी राजवाडा म्हणजे तोफ-दरवाजा, आणि तोफ तर आपल्याकडे आली तीच तुर्कीतून.

याच शब्दांनी काल तोंडघशीही पाडलं. भल्या सकाळी मोठा बाजार गाठला, तर दारं बंद. समोरच्या चहावाल्याने हसत हसत सांगितलं, "पाझार, पाझार." मी म्हणते, हो, बाजारच बघायचाय! शेवटी त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं तेव्हा उजेड पडला. 'पाझार' म्हणजे बाजार आणि रविवारही. बाजाराचं नाव कापालीचार्शी. त्यातल्या 'कापाली'चे अर्थ पुन्हा दोन, झाकलेला आणि बंद.

मग चालत सुलेमानिये मशिदीत गेले. ते बरंच झालं म्हणायचं. डोक्याला ओढणी, हातात चपला, पायाखाली मऊ गालिचा. वास्तुविशारद मिमार सिनानने ही १५५० ते १५५७ या काळात बांधली. पूर्वी आत तेलाचे दिवे जळत. त्यांची काजळी हवेच्या झोताबरोबर दारावरच्या एका खोलीत जमावी अशी त्याने योजना केली होती, आणि त्या काजळीची शाई करत, असं सांगतात. इतक्या भव्य घुमटाखाली उभी राहून मी मात्र काजळीचाच विचार करत बसले. मशीद बांधवून घेणाऱ्या सुलतान सुलेमानची कबर मागच्या आवारात थाटात आहे. सिनानची बाहेर, भिंतीच्या कोपऱ्यावर, अगदी लहानशी. मला तीच आवडली.

अंगणात एका आजींनी सरकून जागा दिली, हातावर चार अक्रोड ठेवले आणि म्हणाल्या, "मिसाफिर." मीही मान डोलावली, हो, मुसाफिर! रात्री हॉटेलात कळलं, इथे त्याचा अर्थ पाहुणा.

तिथून उतारावर रुस्तम पाशा मशीद. खाली दुकानं, वर मशीद. दुकानांच्या भाड्यावर तिचा खर्च चालावा अशी सोय. अरुंद जिना चढून वर आलं की भिंतीभर इझनिक गावच्या चिनी मातीसारख्या चकचकीत फरशा. निळ्या-पांढऱ्यावर ट्यूलिपची फुलं आणि मधूनच एक टोमॅटोसारखा लाल. तिरप्या उजेडात बघितलं तर हा लाल फरशीच्या पातळीच्या किंचित वर आलेला दिसतो, कागदावर सुकलेल्या कुंकवाच्या ठिपक्यासारखा. बोट लावायचा मोह कसाबसा आवरला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली काही दशकंच हा रंग साधला, नंतर बिघडत गेला. निळ्या मशिदीतल्या फरशा संख्येने कितीतरी जास्त, पण तिथे गर्दीत मान वर करायला जागा नाही.

आज अखेर बाजार झाला. साठाहून अधिक गल्ल्या, हजारो दुकानं. १४५३ मध्ये उस्मानी तुर्कांनी हे शहर जिंकलं, त्यानंतर काही वर्षांतच सुलतान मेहमद दुसरा याने सुरुवात केली. सराफांच्या गल्लीत दुकानावर 'साराफ' वाचून मी उगीचच आत डोकावले. तांब्याचं एक छोटं जेझवे घेतलं, कॉफी उकळायचं लांब दांड्याचं भांडं. घासाघीस बोटांवर केली. फसले असेन, पण भांडं जड आहे आणि कल्हई छान आहे. आत शिरले त्या दाराने काही बाहेर पडता आलं नाही. भलत्याच रस्त्याला लागले.

दुपारी पुरातत्त्व संग्रहालय. 'अलेक्झांडरची शवपेटी' म्हणतात ती अलेक्झांडरची नव्हेच! त्याची लढाई तिच्यावर कोरलेली, म्हणून नाव पडलं. १८८७ मध्ये या संग्रहालयाचे तेव्हाचे प्रमुख उस्मान हम्दी बे यांनी ती आजच्या लेबनॉनमधल्या सिदोनहून आणली. संगमरवरावर जुन्या रंगाच्या खुणा अजून आहेत. वाकून बघत राहिले, तेवढ्यात रखवालदाराने घड्याळ दाखवलं.

आयासोफियाचं, म्हणजे आधी चर्च असलेल्या त्या जुन्या मशिदीचं, पुढच्या पत्रात. तिथल्या वरच्या सज्जाच्या कठड्यावर कुणा वायकिंगने आपलं नाव कोरून ठेवलंय, ते नीट सांगायचंय. उद्या सकाळच्या बोटीने उस्कुदारला जाते. जेझवे तुझ्यासाठीच घेतलंय, पण पहिली कॉफी मी करणार.

तुझी,
माधुरी